जुन्या जीपचं रायफल स्कॅबर्ड: कुठल्या बंदुकीचं ते कसं ओळखायचं आणि लावायचं कुठं?

सातारची_जीप:
नमस्कार मंडळी. आजोबांनी मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली जीप घरी आहे, फोर्ड जीपीडब्ल्यू. पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे चासीची आडवी दांडी, चौकोनी आहे, विलीस कंपनीच्या जीपसारखा गोल पाइप नाही आणि बऱ्याच बोल्टच्या डोक्यावर एफ आहे, त्यामुळं गाडीबद्दल शंका नाही. शंका आहे ती चामड्याच्या स्कॅबर्डबद्दल, म्हणजे रायफल ठेवायच्या म्यानाबद्दल. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं, विकणारा म्हणाला ली एनफिल्ड या ब्रिटिश रायफलचं आहे, पण त्यावर यूएस असा ठसा दिसतोय आणि तोंडाजवळ काहीतरी पुसट अक्षरं आहेत. दोन पट्टे आहेत, एकाचं बक्कल गेलंय. नक्की कुठल्या रायफलचं असेल? आणि जीपवर ते विंडशील्डच्या आत लावतात का बाहेर मडगार्डला? गॅरेजवाला म्हणतोय दोन होल मारू, बोल्ट टाकू, विषय संपला. पण आजोबांच्या गाडीच्या पत्र्याला ड्रिल लावायचं म्हटलं की जिवावर येतं.

कृष्णाकाठ_सांगली:
होल अजिबात मारू देऊ नका दादा. बाकीचं नंतर.
आता ओळखायचं कसं, तर लांबीवर जाऊ नका. अमेरिकन गॅरंड रायफल ४३.६ इंच आणि ली एनफिल्ड नंबर ४ साधारण ४४.५ इंच, म्हणजे जेमतेम इंचभराचा फरक, आणि स्कॅबर्डमध्ये रायफल पूर्ण जातच नाही, दस्ता बाहेरच राहतो. फक्त एम१ कार्बाइन ही आखूड अमेरिकन रायफल ३५.६ इंचाची असल्यानं तिचं लगेच कळतं. तुम्ही तोंड बघा. ली एनफिल्डचं १० गोळ्यांचं मॅगझीन ट्रिगरच्या पुढं खाली आलेलं असतं, त्यामुळं ती आत जायची तर तोंडाशी चामड्याला पोट लागणारच. गॅरंडची ८ गोळ्यांची क्लिप आतल्या आत बसते, खाली काहीच लोंबत नाही, म्हणून तिचं स्कॅबर्ड चपटं. यूएस ठसा असेल तर अमेरिकन १९३८ मॉडेल असण्याची शक्यता जास्त, ते मुळात घोड्याच्या खोगिराला बांधायचं होतं. पुसट अक्षरांवर पातळ कागद ठेवा, पेन्सिल आडवी धरून हलकं घासा. बॉइट किंवा मिल्स्को असं नाव आणि पुढं ४२, ४३ असा आकडा उमटला तर तो बनवणारा आणि साल.

मिरजेचा_चर्मकार:
ठशावर एकट्यावर भरवसा नको, नव्या मालावर पण ठसे मारून मिळतात. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम आहे म्हणून सांगतो, कापलेली कड बघा, बक्कल तुटलंय तिथं पट्ट्याची कड उघडी असेलच. साल-हिरड्यात कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोम क्षारानं कमावलेलं असलं तर वर रंग चढवलेला असतो पण मध्ये निळसर राखाडी रेघ दिसते, आणि ती दिसली तर ते जुनं नाही, सोडून द्या. बक्कल नवीन पितळीच बसवा पण मेण लावलेला दोरा जुन्याच भोकांतून घ्या, नवीन भोकं पाडली की पट्टा तिथंच फाटतो. तेल अगदी थोडं, फडक्यानं. लोक एरंडेलात बुडवून ठेवतात मग चामडं ढिलं पडतं आणि आकार जातो तो परत येत नाही. आणि साताऱ्याच्या पावसात बुरशी येते म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती पिशवीत टांगून ठेवा.

अपशिंगेकर_रिटायर्ड:
जीपची नेहमीची सोय म्हणजे विंडशील्डच्या आतल्या बाजूला खालच्या पत्र्यावर लोखंडी रॅक, त्यात रायफल आडवी, एका टोकाला दस्त्याचा कप आणि दुसरीकडं स्प्रिंगची क्लिप. चामड्याचं स्कॅबर्ड सैनिकांनी आपापल्या सोयीनं बाहेर बांधलं, त्यामुळं अमुकच जागा बरोबर असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. ड्रायव्हरच्या हाताला येईल असं, दस्ता वर आणि मागं, तिरकं. तुमच्या गाडीला ड्रायव्हर डावीकडं आणि त्याच बाजूला खाली कुऱ्हाड-फावडं, तर त्यांना अडता कामा नये. मडगार्ड जिथं बॉडीला बोल्टनं जोडलंय ते आधीचेच बोल्ट वापरून पट्टीचं ब्रॅकेट करून घ्या आणि पट्टे त्याला बांधा. मागं जाड नमदा ठेवा नाहीतर कंपनानं रंग जाऊन पत्रा गंजतो. मग विंडशील्ड बॉनेटवर पाडून बघा, बॉनेटचे खटके उघडून बघा, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून टायर घासत नाही ना बघा. हे सगळं घरासमोर करा, पोवई नाक्यावर नको.

कृष्णाकाठ_सांगली:
आणि आत लाकडी डमीच ठेवा, खरी रायफल म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा आला. रंगाचं पण बघा, १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२१ नंबरला ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे.

सातारची_जीप:
सगळ्यांचे मनापासून आभार. रंग आजोबांनीच राखाडी मारून घेतला होता, तो तसाच ठेवणार. तोंड चपटं आहे, पोट अजिबात नाही. कड आतपर्यंत तपकिरी. कागद घासल्यावर मिल्स्को स्पष्ट आलं, पुढं ४ आलाय, नंतरचा आकडा गेलाय. म्हणजे गॅरंडचंच ना? पट्टीचं ब्रॅकेट एमआयडीसीत सांगतो. काका, ते किती जाडीचं घेऊ? आणि डमी सागवानाची चालेल का?

अपशिंगेकर_रिटायर्ड:
गॅरंडचंच बाळा, छान वस्तू मिळाली. पट्टी ३ एमएमची पुरे, कडा फाईलनं गोल करून घे, नाहीतर धारेवर पट्टा कापला जातो. सागवान चालेल. बाहेर दिसतो तो दस्ता नीट मापात करून घे, आतला भाग मात्र खऱ्या नळीपेक्षा बारीकच ठेव म्हणजे जुनं चामडं ताणलं जाणार नाही, आणि पॉलिश पूर्ण वाळल्याशिवाय आत घालू नकोस, चिकटतं.