कृषी कोर्स झाला, पण इंटरव्ह्यूत हात चालेना

प्रश्न: मंडळी, शेतीचा व्होकेशनल कोर्स झालाय, मार्कपण बरे आहेत. पण पॉलिहाऊसच्या इंटरव्ह्यूत हातात ईसी मीटर (पाण्यात क्षार-खत किती विरघळलंय ते दाखवणारं यंत्र) दिला आणि म्हणाले कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचं रीडिंग बरोबर जुळवून दाखव, मी नुसता बघत बसलो, कोर्सात त्याचं फक्त चित्र होतं. आता काय शिकू?

ठिबकवाला: तुझी चूक नाही रे, सिलॅबस बनवताना नोकरी देणाऱ्याला विचारतंय कोण. आमच्याकडे एका डिप्लोमावाल्याने कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत घट्ट कालवलं, खाली जिप्समचा पांढरा गाळ, ठिबकचे ड्रिपर चोक. जिप्सम कसं तयार होतं ते त्याला तोंडपाठ होतं बरं का!

रानपाखरू: एक सीझन कुणाच्या तरी हाताखाली काढ. फवारणी पंपापासून सुरू कर, नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं ते मापात धरायचं, मग चालायचा वेग आणि फवाऱ्याची रुंदी धरली की हेक्टरी हिशोब निघतो. आणि नोंदवही ठेव, कधी काय मारलं, काढणी कधी. निर्यातवाले आधी तीच मागतात.

प्रश्नकर्ता: नोंदवही म्हणजे आम्ही शेवटच्या आठवड्यात एकमेकांची उतरवलेली 😅