रंग ठेवायचा की काढायचा? जंगलातल्या फोटोंचे तुमचे अनुभव सांगा

फेब्रुवारीअखेर ताडोब्याला गेलो होतो. सकाळचे दहा वाजलेले, ऊन पार चढलेलं, समोर पळसावर वानरांची टोळी फुलं ओरबाडत बसलेली. घरी येऊन पाहिलं तर सगळं भगभगीत. म्हटलं, काळा-पांढरा करू. वानराचं काळं तोंड, चंदेरी केस, काय खुलून आलं! बायकोनं पाहिलं आणि विचारलं, "फुलं कुठे गेली?" ती राखाडी डाग होऊन बसली होती. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तुम्ही कसं ठरवता? फसलेलं-जमलेलं, दोन्ही लिहा.

नागपूरहून
वाघावर हा प्रयोग केलाय. वाघाचा नारिंगी आणि गवताचा हिरवा, रंग काढला की जवळपास एकाच राखाडीत उतरतात. माझा वाघ गवतात विरघळला! चितळांना तो रोज असाच दिसत असणार, त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही ना. मग संगणकावर नारिंगीचा उजळपणा ठरवणारी पट्टी (स्लायडर) वर ओढली, हिरव्याची खाली. पट्टे उठून आले. पण हात आवरला नाही, वाघ पांढराफटक झाला, आणि ग्रुपवर एकानं विचारलं, "रीवाचा पांढरा वाघ इकडे कधी आला?"

कोल्हापूरहून
दाजीपूरला थंडीतल्या सकाळी धुक्यात गवा उभा होता. काळं धूड आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे. त्यात रंग होताच कुठे? काळा-पांढरा करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, फ्रेमभर काळं जनावर असलं की कॅमेरा फसतो, उजेड वाढवून गव्याला राखेत लोळवल्यासारखा करतो. मी एक्स्पोजर एक स्टॉप खाली घेतो, म्हणजे उजेड निम्मा.

सोलापूरहून
भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) मी कधीच काळे-पांढरे करणार नाही. पंख उघडल्यावर आतली जी गुलाबी लाट दिसते, तिच्यासाठी तर उजनीच्या काठावर पहाटे कुडकुडत बसायचं. हरियालाचंही, म्हणजे हिरव्या कबुतराचंही, तेच. वडाच्या पानांत बसलेला, त्यात रंग काढला तर पान कुठलं आणि पाखरू कुठलं?

ठाण्याहून
माझी फजिती. 'आज काळं-पांढरंच बघायचं' असं ठरवून कॅमेरा मोनोक्रोमवर टाकला, पण फाइल जेपेगवर राहिली. आणि तारेवरून नीलपंख उडाला, दोन्ही पंख पूर्ण उघडे! तो निळा कायमचा गेला. रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) असती तर पडद्यावर काळं-पांढरं दिसूनही आत रंग शाबूत राहिला असता. आता आधी रॉ तपासतो, मग बूट घालतो.

आंबोलीजवळून
आम्ही बेडूक नोंदवतो. बोटांमधल्या पडद्याचा रंग दिसला नाही तर फोटो कितीही देखणा असो, ओळख पटवायला कुचकामी. रंगीतच.

पुण्याहून, वय ७४
तुम्हाला निवड आहे, आमच्या वेळी निवड खिसा करायचा. रंगीत रोल महाग, शिवाय धुवायला बाहेर द्यावा लागे. उटीच्या कारखान्याचा काळा-पांढरा 'इंदू' रोल घेऊन मी रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात जायचो. ३६ फोटो, त्यात दिवस काढायचा. रंग नाहीच म्हटल्यावर नजर दुसरं शोधायला लागते. काळविटाच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, शिंगांचा पीळ, मागून आलेला उजेड. इंग्रज वनाधिकारी चॅम्पियनसाहेबांनी रानात तार लावून, रात्री वाघाकडूनच बटण दाबून घेऊन काढलेले फोटो १९२५ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापून आले, तेही काळे-पांढरेच. परवा नातवानं माझा एक काळवीट घेतला आणि मोबाइलवर एका क्लिकमध्ये रंगीत करून दाखवला. माती हिरवी केली होती. मे महिन्यातली रेहेकुरी, आणि हिरवी!

धागाकर्ता
आजोबा, तो मूळ काळवीट इथे टाका की. आणि हो, वानराची रंगीत प्रिंट काढली. ऊन भगभगीत आहे, पण फुलं आहेत. स्वयंपाकघरात लागली आहे.