वसुलीवाल्याशी तडजोड करावी, की दावा होऊ द्यावा?

डिचोलीकर
भावाची नोकरी गेली आणि वैयक्तिक कर्जाचे सहा हप्ते थकले. बाकी १,८०,००० आहे. एजंट म्हणतो, "आज संध्याकाळपर्यंत ९०,००० भरा, फाइल बंद. नाहीतर उद्या केस टाकतो." माझ्या मते कोर्टाची पायरी चढण्याआधीच मिटवावं. पैसे घेतलेत ते नाकारायचे नाहीत, पण वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे भावाला झेपणार नाहीत. वडील म्हणतात, "येऊ दे नोटीस, बघू." तुम्हाला काय वाटतं?

वाळपईकर
वडिलांचं बरोबर आहे. तारण नसलेल्या कर्जाचा दावा दिवाणी असतो, कोणी उचलून नेत नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा आमच्याकडे ट्रकवाल्यांच्या अंगणात वसुलीवाले ठाण मांडून बसायचे. धास्तीनं बायकांनी पाटल्या मोडून एजंटाच्या हातात रोख दिली आणि पुढच्या महिन्यात दुसराच एजंट दारात हजर! घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. लोकअदालतीची वाट बघा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही आणि फीही लागत नाही.

म्हापशातला कारकून
मी वकिलाच्या कार्यालयात काम करतो. "दिवाणी आहे" म्हणून स्वस्थ बसणं मला पटत नाही. भावानं सहीचे चेक दिले असतील आणि ते परत गेले, तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ लागतं आणि ते फौजदारी आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावे लागतात. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात तशीच तरतूद आहे. म्हणून बोलणी आत्ताच करा, पण कंपनीशी आणि ईमेलवर. नोकरी गेल्याचं पत्र जोडा. एकूण किती भरायचे, कधीपर्यंत, उरलेली रक्कम सोडली का आणि चेक परत मिळणार का, हे सगळं कंपनीच्या पत्रावर आल्याशिवाय रुपयाही देऊ नका. भरायचे ते कर्जखात्यात. एजंटाच्या यूपीआयवर अजिबात नको.

फोंड्याची ताई
पण अर्ध्यात मिटवलं की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा बसतो, हे कोणीच बोलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या चौकटीप्रमाणे तीच संस्था निदान १२ महिने नवं कर्ज देत नाही. पोराला नवी नोकरी मिळण्यासारखी असेल, तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा.
आणि वहिनीला सांभाळा. गोव्याच्या नागरी कायद्यात घर विकायला किंवा गहाण टाकायला नवरा-बायको दोघांची सही लागते. "फक्त साक्षीदार म्हणून" असं सांगून कोणी कागद पुढे केला, तर वाचल्याशिवाय पेन हातात घेऊ नये.

वाळपईकर
ईमेल करून उलट फसाल. लेखी कबुली दिली किंवा पाच हजार जरी टाकले, तरी दावा लावायची तीन वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. एजंट "थोडे तरी टाका" म्हणतो ते त्यासाठीच.

म्हापशातला कारकून
मुदतीचं खरं आहे. पण हप्ते थकून सहाच महिने झालेत. उरलेली अडीच वर्षं कंपनी गप्प बसेल, या भरवशावर घर चालवायचं? कर्ज जुनं, मुदत संपत आलेलं असतं, तर मीही गप्प राहा म्हटलं असतं.

डिचोलीकर
देव बरें करूं. रात्री नऊला फोन येतात, शेजाऱ्यांनाही केलेत. त्याचं काय?

म्हापशातला कारकून
सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन चालत नाही, रिझर्व्ह बँकेचं २०२२ चं परिपत्रक आहे. कॉलच्या वेळांचे स्क्रीनशॉट ठेवा, कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ही तक्रार हातात असली की तडजोडीत तुमचं पारडं जड होतं.

वाळपईकर
तक्रार करा, त्याला माझा पाठिंबा. ९०,००० ला मात्र आज हो म्हणू नका. मार्चअखेर जवळ आली की आकडा अजून खाली येतो.

फोंड्याची ताई
नि तोवर चढणारं व्याज कोण भरणार, वाळपईकर?