मदत हवी आहे: रेझिनचे वासुदेव घोट्यात वाकताहेत

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या गॅलरीत येत्या शनिवारपासून आमचं आर्ट टॉयचं (कलाकारांनी घडवलेल्या, शोभेच्या छोट्या बाहुल्यांचं) प्रदर्शन आहे. माझे नऊ वासुदेव, प्रत्येकी 18 सेंमी, सिलिकॉनच्या साच्यात ओतलेलं इपॉक्सी रेझिन. घरी ताठ उभे होते. गॅलरीत हॅलोजनखाली दोन तास ठेवले तर चौघे घोट्यात वाकून पुढे झुकले, जणू खरंच दान मागताहेत!

गरम पाण्यात बुडवून सरळ केले, लगेच गार पाण्यात धरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रेझिन आणि हार्डनर काट्यावर मोजूनच घेतलं होतं, ओतून दहा दिवस झालेत, नख दाबलं तर खूण उठत नाही. म्हणजे कच्चं राहिलेलं नसावं. दिवे बदलून एलईडी लावायला गॅलरी तयार आहे, पण रात्री एसी बंद असतो.

नव्याने ओतायला वेळ नाही. रंग अ‍ॅक्रिलिक, वर मॅट लॅकर, त्यामुळे रेझिन आणखी पक्कं करायला ओव्हनमध्ये घालायची हिंमत होत नाही. टेकू लावला तर धोतराचा घोळ झाकला जातो, तो नको.

घोटा जेमतेम 6 मिमी जाड आहे. तळव्यातून 2 मिमीची पितळी सळई पोटरीपर्यंत घालायची म्हटलं, तर हँड ड्रिलने भोक पाडताना घोटा तडकेल का? कुणी केलंय का असं?