शब्दचर्चा : मागचा ब्रेक ‘ब्लीड करणे’ याला मराठीत काय म्हणावे?

ठाण्याहून, प्रश्न

आमच्या सोसायटीत आता बऱ्याच जणांकडे मागच्या चाकालाही डिस्क ब्रेक असलेल्या स्कूटर आहेत. ब्रेक घरच्या घरी ब्लीड कसा करायचा, म्हणजे त्याच्या पाइपात शिरलेली हवा बाहेर कशी काढायची, याचं एक पानभर मराठी टिपण मी लिहिते आहे. वाचणारे काही मेकॅनिक नाहीत, पण हातात पाना धरायला घाबरणारेही नाहीत. ‘ब्लीड’ या शब्दाशीच मी अडले. इंग्रजीत त्याचा संबंध रक्त वाहू देण्याशी आहे, तो मराठीत आणून काही उपयोग नाही. लिव्हर दाबली की हाताला स्पंजसारखी लागते, त्याला काय म्हणायचं? आणि सगळी कृती बरोबर करूनही मागचा ब्रेक काही केल्या ठीक होत नाही, त्या अवस्थेला? ‘हट्टी ब्रेक’ लिहिलं होतं, पण असं कोणी बोलताना ऐकलेलं नाही. तुमच्याकडे काय म्हणतात ते कळवा.

बार्शीहून

ताई, शब्द आहे आणि तो रोजच्या वापरात आहे : एअर काढणे. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत ट्रॅक्टर चालवला की लाइनीत हवा शिरते आणि नंतर डिझेल भरलं तरी इंजिन चालू होत नाही. ‘ट्रॅक्टरने एअर घेतली’ असं म्हणतात. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा, आधी फेसाळ डिझेल येतं, नंतर स्वच्छ धार लागते, तेव्हा स्क्रू आवळायचा. ब्रेकचं काम याच जातीचं आहे. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो यांच्या ब्रेकला हा शब्द कधीपासूनच आहे, तोच स्कूटरला लावा. ब्रेकने एअर घेतली, एअर काढली. खेड्यातला माणूसही चटकन समजेल.

पुण्याहून

बार्शीकरांशी सहमत. फक्त हा शब्द स्कूटरवाल्यांच्या तोंडी का नाही, ते सांगतो. चेतक १९७२ साली आली. तिचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी होता आणि पायापासून चाकापर्यंत तारेची केबल जायची. चाकात ड्रम, ड्रममध्ये लायनर. ब्रेक कमी लागायला लागला की मागचा नट दोन आटे आवळायचा, लायनर अगदीच झिजले की बदलायचे. पुढच्या बहुतेक स्कूटरना मागे ड्रमच राहिला, आजही बहुसंख्य पेट्रोल स्कूटरना तोच आहे. त्यामुळे घरोघरी मुरलेला शब्द म्हणजे ‘ब्रेक आवळणे’.

डिस्क ब्रेकमध्ये आवळायला काहीच नाही. लिव्हरखालच्या मास्टर सिलिंडरमधून द्रव ढकलला जातो, तो चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकवतो आणि पॅड डिस्कला दाबतात. द्रव दाबल्याने आकसत नाही, हवा आकसते. पाइपात बुडबुडा असला की तुमच्या बोटांचं बळ तो बुडबुडा दाबण्यात जातं, पॅडपर्यंत पोचत नाही. म्हणून टिपणात पहिल्याच ओळीत लिहा की हा ब्रेक आवळता येत नाही. नाहीतर जुन्या सवयीचा माणूस नट शोधत बसेल, आणि त्याला सापडणारा नट बहुधा कॅलिपर धरून ठेवणारा असेल.

सांगलीहून

एक बारीक गोष्ट. ‘एअर’ला मराठी म्हणून ‘हवा’ लिहू नका. स्कूटरच्या संदर्भात ‘मागची हवा काढ’ म्हटलं की कोणीही टायरचाच व्हॉल्व्ह उघडेल. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे असले तरी कामं वाटून घेतलीत : हवा टायरमध्ये भरतात, एअर लाइनीत शिरते. टायरमध्ये हवा असायलाच हवी, लाइनीत एअर असताच कामा नये. हा भेद लोकांनी वापरातून केलेला आहे आणि फार नेमका आहे. शुद्ध मराठीच्या आग्रहापोटी तो पुसू नये. ‘हवा’ लिहायचंच असेल तर ‘ब्रेकच्या पाइपातली हवा’ असं पूर्ण लिहा.

अमरावतीहून

‘निचरा’ कसा वाटतो? किंवा आयुर्वेदात रक्तमोक्षण आहे, त्या धर्तीवर ‘वायुमोक्षण’?

सांगलीहून

निचरा म्हणजे नको असलेलं सगळं वाहून जाणं, शेतातल्या पाण्याचा निचरा. इथे द्रव सगळा वाहून गेला तर काम बिघडलं. लिव्हरजवळ ब्रेकच्या द्रवाची छोटी टाकी असते, तिच्यातली पातळी खालच्या खुणेखाली गेली की मास्टर सिलिंडर नव्याने एअर ओढतो आणि सगळं पहिल्यापासून. वायुमोक्षण कोशात शोभेल, पण अंगणात बसून काम करणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही.

डोंबिवलीहून

माझं गॅरेज आहे, म्हणून ‘हट्टी ब्रेक’बद्दल सविस्तर लिहितो. आमच्याकडे त्याला ‘ब्रेक येत नाही’ म्हणतात. ‘एअर काढली, पण ब्रेक येईना.’ आणि जमलं की, ‘आला ब्रेक.’ प्रेशर धरत नाही, असंही म्हणतात. ही वाक्यं मला बरोबर वाटतात, कारण त्यात दोष कोणाच्या हट्टावर ढकललेला नाही. ब्रेक यायला कुठेतरी अडतंय आणि ते शोधायचंय, एवढंच त्यात आहे.

आता ‘एअर काढणे’ या शब्दाचा एक तोटा सांगतो. काढणे म्हटलं की माणूस खालच्या निपलकडे, म्हणजे कॅलिपरवरच्या द्रव बाहेर सोडायच्या पोकळ स्क्रूकडे बघतो. बाटली लावायची, लिव्हर दाबायची, निपल उघडायचा, एअर खाली येईल आणि निघून जाईल. पुढच्या ब्रेकला हे बहुतेक वेळा जमतं, कारण पाइप आखूड आणि जवळजवळ उभा असतो, द्रवाचा झोत बुडबुड्याला ओढून नेतो. मागचा पाइप हँडलपासून खाली उतरतो, पाय ठेवायच्या फळीखालून आडवा जातो आणि मग स्विंगआर्मवरून, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरून, कॅलिपरला पोचतो. या लांब वाटेत जिथे जिथे थोडा उंचवटा आहे, तिथे बुडबुडा बसतो. दर दाबाला तो चार बोटं खाली सरकतो आणि लिव्हर सोडली की परत वर चढतो. त्याचा स्वभावच वर जाण्याचा आहे. आपण त्याला दिवसभर खाली ओढत राहतो.

म्हणून मागच्या ब्रेकसाठी आमच्या तोंडात दुसरा शब्द आहे : ‘खालून भरणे’. आधी जुनं काळपट ऑइल, म्हणजे ब्रेकचा द्रव, नेहमीच्या रीतीने खालून काढून घ्यायचं, म्हणजे घाण वर ढकलली जात नाही. मग वरच्या टाकीतलं थोडं ऑइल उपसायचं. मोठ्या सिरिंजला पारदर्शक नळी लावून ती निपलवर घट्ट बसवायची, नळीत बुडबुडा नाही हे बघायचं, निपल सैल करायचा आणि अगदी सावकाश दाबायचं. ऑइल खालून वर चढतं आणि बुडबुडे त्यांना हव्या त्याच दिशेने जाऊन टाकीत फुटतात. या वेळी लिव्हरला हात लावायचा नाही. ती दाबली की मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद होतं. टाकी भरून सांडणार नाही याकडे दुसऱ्या कोणीतरी लक्ष ठेवायचं.

एवढं करूनही ब्रेक आला नाही तर एअर बहुधा दोन ठिकाणी असते. एक, मास्टर सिलिंडरला पाइप जोडणारा बॅन्जो बोल्ट. स्कूटर साइड स्टँडवर असेल तर डावीकडे कलते आणि डाव्या लिव्हरचा हा बोल्ट टाकीपेक्षा उंच होतो. म्हणून मेन स्टँडवर घ्या आणि हँडल उजवीकडे वळवा, डावं टोक वर येतं. मग लिव्हर हलकेच, थोडी थोडी दाबत राहा. दुसरी जागा म्हणजे कॅलिपर. निपल कॅलिपरच्या सर्वांत उंच जागी नसेल तर त्याच्यावर एअर साठून राहते. कॅलिपरचे बोल्ट काढा, दोन पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला, निपल आकाशाकडे राहील असा कॅलिपर हातात धरा आणि मग एअर काढा. पट्टी विसरलात तर पिस्टन बाहेर येईल.

आणखी एक उपाय म्हणजे लिव्हर दाबून रात्रभर तशीच बांधून ठेवणे. त्याला आमच्याकडे खास शब्द नाही, ‘बांधून ठेव’ एवढंच म्हणतात. बारीक बुडबुडे दाबाखाली आणखी लहान होतात, पाइपाच्या भिंतीला चिकटलेले सुटतात, सकाळी लिव्हर सोडली की वर जातात. बऱ्याचदा गुण येतो. पण सकाळी लिव्हर कडक लागली आणि संध्याकाळी पुन्हा सैल पडली, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची सील गेली आहे. ते एअर काढून बरं होत नाही.

म्हापशाहून

स्पंजसारखी लिव्हर म्हणजे ‘लिबलिबीत’. ‘मऊ’ लिहू नये, मऊ लिव्हर म्हणजे हाताला हलकी लागणारी, असा चांगला अर्थ लोक घेतात. उलट शब्द ‘कडक’. नुसती सैल आणि लिबलिबीत यांतही फरक करावा : सैल लिव्हर सुरुवातीला मोकळी जाते आणि मग धरते, लिबलिबीत धरतच नाही, दाबाल तितकी आत जाते.

कोल्हापूरहून

‘ब्रेक ऑइल’ या शब्दाबद्दल मला काळजी वाटते. सगळे तेच म्हणतात, मीही म्हणतो, पण ते तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत, पाण्यात मिसळतात आणि हवेतली ओलही ओढून घेतात. कोरड्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शिरली की मानकात किमान १५५ धरलेला आहे. म्हणून दोनेक वर्षांनी तो बदलायचा आणि उघडून ठेवलेल्या जुन्या डब्यातला वापरायचा नाही. ‘ऑइल’ ऐकून कोणी इंजिन ऑइल घातलं तर रबरी सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक उघडून नवे भाग घालावे लागतात. टिपणात दर वेळी ‘डॉट ४ ब्रेक ऑइल’ असं पूर्ण लिहा, किंवा टाकीच्या झाकणावर जो आकडा असेल तो. डॉट ५ ही वेगळी, सिलिकोनची जात आहे, ती यात मिसळायची नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

ठाण्याहून

सर्वांचे मनापासून आभार. शीर्षक आता ‘मागच्या ब्रेकमधली एअर काढणे’ असं करते आणि डोंबिवलीच्या दादांचं ‘खालून भरणे’ वेगळा भाग म्हणून घेते. मुख्य कृतीचं वाक्य असं लिहिलं आहे, बघून सांगा :

‘लिव्हर दाबा, आठ नंबरच्या पान्याने निपल सोडा, ऑइल आलं की निपल बंद करा, लिव्हर सोडा. टाकीत ऑइल कमी होऊ देऊ नका.’

डोंबिवलीहून

ताई, यात ‘सोडा’ दोनदा आलं आहे आणि तिथे धोका आहे. आपण नटही सोडतो आणि लिव्हरही सोडतो. मदतीला बसलेल्या मुलाला ‘सोड’ म्हटलं आणि त्याने निपल उघडा असतानाच लिव्हर सोडली, तर एअर बाहेर जायच्या ऐवजी नळीतून आत ओढली जाते. ‘सोडा’ फक्त लिव्हरला ठेवा, निपलला ‘सैल करा’ आणि ‘आवळा’. शिवाय ‘दाबा’ पुरेसं नाही, ‘दाबून धरा’ हवं.

बार्शीहून

आणि ‘पंप मारा’ हे कुठेही येऊ देऊ नका. डिझेलला ते चालतं. ब्रेकची लिव्हर भराभर मारली की एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि ऑइलचा फेस होतो, मग दोन तास थांबावं लागतं. ‘सावकाश दाबा’ लिहा.

ठाण्याहून

बदललं :

‘लिव्हर सावकाश दाबा आणि दाबून धरा. आठ नंबरच्या पान्याने निपल पाव फेरा सैल करा. ऑइल आलं की आधी निपल आवळा, मगच लिव्हर सोडा. दर चार-पाच वेळांनंतर टाकीत डॉट ४ ब्रेक ऑइल घाला.’

पुण्याहून

छान. ‘आवळा’च्या पुढे ‘बेताने’ घाला. निपल पोकळ असतो, जोर लावला तर आटे जातात किंवा तो तुटून आत राहतो. ज्यांच्या स्कूटरला डाव्या लिव्हरने दोन्ही ब्रेक लागतात, त्यांनी कुठल्या चाकाची एअर आधी काढायची ते गाडीच्या पुस्तकात बघावं, ही ओळही हवी. आणि काम झाल्यावर पहिली फेरी आवारातच, चालण्याच्या वेगाने.

ठाण्याहून

तिन्ही घातलं. ‘बेताने आवळा’ ठळक अक्षरात.