लेहच्या ऑक्सिजनचं गणित: आधी ४७ वजा करा

‘लेहच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं’ असं बऱ्याचदा म्हटलं जातं, पण ते पटत नाही. प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, घटतो तो एकूण दाब. समुद्रसपाटीला ७६० मिमी पारा, तर लेहला (३५०० मीटर) साधारण ४९५. म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा) १६० वरून १०४ वर येतो.

हे झालं कोरड्या हवेचं. श्वासनलिकेत पोचेपर्यंत हवा ३७ अंश सेल्सिअसला बाष्पाने पूर्ण भरलेली असते आणि त्या बाष्पाचा दाब ४७ मिमी असतो. तो आधी वजा करायचा आणि मग २१ टक्के काढायचे. मुंबईत (७६० − ४७) × ०.२१ = १५०, लेहला ९४.

गंमत म्हणजे हे ४७ उंचीप्रमाणे बदलत नाहीत, ते शरीराच्या तापमानावर ठरतात. त्यामुळे जितकं वर जाल तितका बाष्पाचा वाटा जास्त टोचतो. १९८१ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर २५३ मिमी दाब मोजला गेला. त्यातून ४७ गेले आणि उरलेल्याचे २१ टक्के काढले की ऑक्सिजनच्या वाट्याला उरतात जेमतेम ४३.

आणि मिश्रणातल्या वायूंचा दाब त्यांच्या वजनाच्या प्रमाणात वाटणाऱ्यांसाठी: दाब वाटला जातो तो रेणूंच्या संख्येप्रमाणे, म्हणजे मोलप्रमाणे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या). ८ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे पाव मोल, २ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे एक मोल. दोन्हींच्या मिश्रणाचा एकूण दाब १० वातावरण (दाबाचं एकक; १ वातावरण = ७६० मिमी पारा) असेल, तर ऑक्सिजनचा २ आणि हायड्रोजनचा ८. वजनाने चौपट असूनही ऑक्सिजनचा दाब हायड्रोजनच्या दाबाचा चौथा हिस्सा! (हे मिश्रण कागदावरच करा, स्फोटक आहे.)