माउंटन पिग्मी पॉसमला डोंगराखाली आणावं की नाही?

सह्यभटक्या

ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्या प्राण्यांचा विषय निघाला की गाडी कांगारू आणि कोआलावरच थांबते. मला आज बोलायचंय ते जेमतेम ४५ ग्रॅम वजनाच्या माउंटन पिग्मी पॉसमबद्दल. अंगापेक्षा शेपूट लांब असलेला हा प्राणी फक्त न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या उंच डोंगरांत, साधारण १३०० मीटरच्या वर, मोठमोठ्या धोंड्यांच्या राशींत राहतो. १८९० च्या दशकात शास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूम यांनी वोम्बियन गुहांतल्या हाडांवरून त्याचं वर्णन केलं, तेव्हा तो कधीच संपलेला प्राणी समजला गेला. १९६६ साली व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथमवरच्या एका स्की लॉजमध्ये तो चक्क जिवंत सापडला.

त्याचं सगळं वर्ष दोन गोष्टींवर उभं आहे. पहिली गोष्ट बर्फ. हिवाळ्यात तो पाच ते सात महिने शीतनिद्रेत असतो, शरीराचं तापमान दोन अंशांपर्यंत उतरतं. वरचा बर्फाचा थर पांघरुणासारखा काम करतो. थर पातळ झाला की थंडी दगडांत शिरते, झोप वारंवार मोडते आणि साठवलेली चरबी वेळेआधी संपते. दुसरी गोष्ट बोगॉन्ग पतंग. हे पतंग दक्षिण क्वीन्सलँड आणि आसपासच्या मैदानांतून हजार किलोमीटरपर्यंत उडत येऊन उन्हाळाभर या डोंगरांतल्या कपारींत विसावतात. पॉसमची मादी वसंतात व्यायते ती याच पतंगांच्या भरवशावर. तिला स्तन चारच, म्हणजे जास्तीत जास्त चार पिल्लं, आणि वीण वर्षातून एकदाच. २०१७ आणि २०१८ च्या दुष्काळात पतंग आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. अनेक माद्यांची पिशवीतली सगळी पिल्लं गेली.

बर्फ कमी होत जाणार आणि पतंगांचा भरवसा नाही, असं असताना या प्राण्याला डोंगरमाथ्यावरच ठेवण्याचा हट्ट मला धोक्याचा वाटतो. जीवाश्मशास्त्रज्ञ माइक आर्चर बरीच वर्षं सांगताहेत की या पॉसमचे पूर्वज सखल भागातल्या दमट जंगलांत राहत होते. क्वीन्सलँडमधल्या रिव्हर्सली इथं त्यांचे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेत. न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोजवळच्या सीक्रेट क्रीक अभयारण्यात त्यासाठी प्रजनन केंद्रही उभं राहिलं आहे. माझं मत स्पष्ट आहे. त्यांना खाली आणा, आणि आत्ताच आणा.

अनघा_मेलबर्न

पूर्ण असहमत. इथली बरीच मराठी कुटुंबं मुलांना बर्फ दाखवायला माउंट बुलरला जातात, आम्हीही जातो. त्याच डोंगरावर या प्राण्यासाठी काय काम झालंय ते आधी ऐका.

बुलरवर हे पॉसम आहेत हे १९९६ साली कळलं. त्यानंतर दहा वर्षांत तिथली संख्या तीनेकशेवरून तीस-चाळीसवर आली. सगळे एकमेकांचे नातलग, बाहेरचं रक्त नाही. मग २०११ पासून हॉथम भागातले नर आणून सोडले. संकरातून झालेली पिल्लं अंगानं मोठी निघाली, त्यांच्या माद्यांना पिल्लं जास्त झाली आणि काही वर्षांत तिथली संख्या पुन्हा दोनशेच्या वर गेली. जोडीला कोल्ह्या-मांजरांचा बंदोबस्त केला, स्कीच्या उतारांसाठी मोडलेल्या दगडांच्या राशी पुन्हा रचल्या. हे सगळं डोंगरावर राहूनच झालं.

हॉथमजवळच्या हिगिनबोथम डोंगरावर रस्त्यामुळे नर आणि माद्यांच्या जागा तुटल्या होत्या. नर एरवी उतारावर खाली राहतात आणि विणीच्या काळात वर येतात. १९८० च्या दशकात रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा काढला आणि त्यांची ये-जा परत सुरू झाली. जागा दुरुस्त केली की हा प्राणी साथ देतो. तुम्ही मात्र जागाच सोडायला निघालात. उद्या स्की रिसॉर्टवाले म्हणतील, पॉसम खाली सुखरूप आहे ना, मग इथे आणखी एक लिफ्ट टाकू द्या. तेव्हा त्यांना काय उत्तर देणार?

कातळशिल्पी

अनघाताईंशी सहमत, पण माझा आक्षेप वेगळा आहे. रिव्हर्सलीचे अवशेष याच प्रजातीचे नाहीत, तिच्या कुळातल्या जुन्या प्रजातीचे आहेत. कोट्यवधी वर्षांचं अंतर मध्ये आहे. आजोबा कोकणात होते म्हणून नातवाला तिथली हवा मानवेलच असं नाही.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. उंदराएवढ्या प्राण्याच्या मानानं या माद्या विलक्षण जगतात, दहा वर्षांच्या पुढंही. शीतनिद्रा घेणारे छोटे सस्तन प्राणी आपल्या वजनाच्या इतरांपेक्षा जास्त जगतात हे अनेक प्रजातींत दिसलंय. याउलट त्याच देशातला अँटेकायनस बघा. तोही छोटा आणि पिशवीवाल्यांतलाच, पण त्याचे सगळे नर पहिल्याच विणीच्या हंगामानंतर काही आठवड्यांत मरतात. माद्याही बहुतेक एकदा-दोनदाच वितात. पॉसमची मादी एखादं वाईट वर्ष पचवते, कारण तिच्याकडे पुढची सात-आठ वर्षं असतात. खाली आणून तिची झोपच काढून घेतली तर ही उसंत उरेल का? पिंजऱ्यात पिल्लं झाली एवढ्यावर याचं उत्तर मिळत नाही.

सह्यभटक्या

कातळशिल्पी, प्रजाती वेगळी आहे हे मान्यच आहे. पण या कुळाचा तो मोठा, रेघा-रेघांचा, कठीण कवच फोडणारा दात एवढ्या काळात फारसा बदललेला नाही. म्हणजे कीटक आणि कठीण बिया हा आहार जुनाच आहे, आणि त्यासाठी डोंगरमाथाच लागतो असं नाही. राहिला आयुष्याचा प्रश्न. मादी एक वाईट वर्ष पचवते, पण लागोपाठ तीन आली तर? २०१७ नंतर तेच झालं. त्यावर २०१९-२० च्या वणव्यांनी न्यू साउथ वेल्समधल्या कॉशिउस्को भागातली माउंटन प्लम-पाइनची झुडपं जाळली. याच झुडपांच्या बिया तो शरदात खातो आणि ती फार सावकाश वाढतात. शेवटी माणसांना डोंगरावर पाणी आणि बिस्किटं घेऊन जावं लागलं. प्रौढ पॉसम दोन हजारांच्या आसपास, तेही तीन तुटक जागी. दुसरी फळी उभी करायला आणखी कशाची वाट बघायची?

शिवारातला_वाशीम

शेतकरी आहे, म्हणून वेगळं सांगतो. तुम्ही सगळेच डोंगराकडे बघताय. तो पतंग जन्मतो शेतात.

आमच्याकडे हरभऱ्यात कटवर्म पडतो. दिवसा मातीत दडतो, रात्री रोप बुडापाशी कापतो. सकाळी ओळच्या ओळ आडवी दिसते. बोगॉन्ग पतंग त्याच अ‍ॅग्रोटिस गटातला. त्याची अळीही काळ्या मातीच्या मैदानात, हिवाळी पिकांत आणि कुरणांत वाढते. तिथल्या शेतकऱ्यासाठी ती कीडच आहे आणि तो तिला मारणार, मीही मारतो. शिवाय दुष्काळात मैदानावर हिरवं काही उरलं नाही की अळीला खायला नाही, मग डोंगरावर पतंग कुठून जाणार?

म्हणून म्हणतो, पैसा मैदानावर लावा. बांधाला, पडीक पट्ट्यात गवत आणि रानटी रोपं राहू देणाऱ्याला मोबदला द्या. अळी नुकसानीच्या पातळीवर गेली तरच फवारणी, हा नियम आम्हाला कृषी सहायक कधीपासून सांगतात, तो तिथेही चालेल. पॉसम वर ठेवा नाही तर खाली आणा, मैदान मेलं तर पतंग संपला.

अनघा_मेलबर्न

शिवारातला, अगदी मनातलं बोललात. २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं हा पतंगच धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकला. एकेकाळी अब्जावधींनी उडणारा कीटक! व्हिक्टोरियात त्यांच्या स्थलांतराच्या काळात अनावश्यक दिवे बंद ठेवण्याची मोहीमही चालते, कारण ते शहरांच्या प्रकाशाकडे ओढले जाऊन भरकटतात.

आणि हा पतंग नुसतं पॉसमचं खाणं नाही. व्हिक्टोरियातल्या क्लॉग्ज गुहेत सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यावर बोगॉन्ग पतंगाचे अंश मिळालेत. तिथल्या गुनाईकुर्नाई या मूळनिवासी लोकांचे पूर्वज तो भाजून, वाटून खात. पॉसमला पतंगापासून तोडून खाली नेलं की पतंगाबद्दल बोलणारं कोण उरणार? आज लोक दिवे विझवतात ते त्या गोड चेहऱ्याच्या पॉसमसाठी.

सह्यभटक्या

हा मुद्दा मला खरंच महत्त्वाचा वाटतो. पण त्यावरचा उपाय पॉसमला ओलीस ठेवणं हा नव्हे. मैदान सुधारायला वीस-तीस वर्षं लागतील, आणि बर्फ तर शेतकऱ्याच्याही हातात नाही. पतंग पूर्ण परतले तरी डिसेंबरपर्यंतची पोटापाण्याची सोय होईल, जुलैमधलं, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातलं, बर्फाचं पांघरूण कुठून आणणार?

कातळशिल्पी

बर्फाच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही, ते कबूल. पण खाली कोल्हे आणि मांजरं आहेत. म्हणजे कुंपण आलं, कुंपणाची रोजची देखभाल आली आणि ती कायमची. एखाद्या सरकारनं खर्च थांबवला की पहिल्याच हंगामात सगळं संपेल. डोंगरावरचे धोंडे कुणी निधी दिला नाही तरी जागेवर राहतात.

अनघा_मेलबर्न

माझी अट सांगते. खालची वस्ती करायचीच असेल तर फक्त केंद्रांत जन्मलेल्या प्राण्यांची करा. हॉथमचा, बुलरचा किंवा कॉशिउस्कोचा एकही रानातला पॉसम त्यासाठी पकडायचा नाही. आणि डोंगरावरच्या कामाचा पैसा त्यासाठी वळवायचा नाही.

सह्यभटक्या

पहिली अट शंभर टक्के मान्य, रानातून एकही नको. दुसरीही मान्य. पण आधी डोंगर पूर्ण सुधारू, मग खालचं बघू, हा क्रम मला मान्य नाही. खालच्या वस्तीत वीण टिकते का, पिल्लं पुढं वितात का, झोपेविना मादी किती जगते, हे कळायलाच दहा वर्षं जातील. कातळशिल्पींच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच मिळेल. ती दहा वर्षं आज सुरू करायला हवीत.